तांत्रिक गुण

पंचाचं काम काय, तर ऐकणं.
चढाईवाल्याच्या सोबत रेषेवरून सरकत
त्याच्या ओठांशी कान लावून ठेवणं:
कबड्डी कबड्डी कबड्डी.
दम तुटला की शिटी.
बावीस वर्षं मी हेच ऐकतोय.
बायको म्हणते, तुम्हाला दुसरं काही ऐकूच येत नाही.

अमळनेर. एप्रिल. मिलमागचं मैदान.
रात्री दहालाही पत्र्याची गॅलरी तापलेली,
मॅटखाली काळी माती दिवसभराचं ऊन धरून बसलेली.
बक्षीस एक लाख एक्कावन्न हजार, केळीच्या व्यापाऱ्यांकडून.
पाहुणा संघ सुरतच्या कंपनीचा,
त्यांचा करारावरचा चढाईपटू,
पाठीवर छापलेलं: जितू.

ओळखपत्रावर जात्र्या ठुमला पावरा.
मीच तपासलं.
'बाजाराच्या दिवशी जन्मलो सर, म्हणून,'
मी विचारलं नव्हतं तरी त्याने सांगितलं.
गाव धडगावच्या वर, एसटी थांबते तिथून तीन तास पायी.
पाहुणा म्हणे.

पहिल्याच चढाईत दोघांना टिपून आला
तेव्हा गॅलरी गप्प झाली.
दुसरीला उजव्या कोपऱ्यातून आलं:
तुना तीरकामठा कोठे शे रे?
हसले. मग एक जण माकडासारखा ओरडला,
मग अख्खा कोपरा,
बर्फाचे गोळे चोखणारी पोरंसुद्धा.
एक केळं येऊन मॅटवर पडलं. हिरवंच.
या भागात केळं फेकायला पैसे लागत नाहीत.
मी ते उचलून दोरीबाहेर ठेवलं. खेळ सुरू.

उत्तर नव्हतं त्याच्याकडे असं नाही.
तोंड गुंतलेलं होतं.
चढाईत माणसाला एकच शब्द बोलायची परवानगी आहे.
मला वाटायचं, काय शिस्त आहे या खेळात.
त्या रात्री वाटलं,
हा नियम करणाऱ्याला भर मैदानात
कोणी कधी काही म्हटलं नसावं.

मध्यंतरात आयोजक म्हणाले, पोरं आहेत, चालायचंच.
मॅनेजर म्हणाला, करार वाच.
कर्णधार म्हणाला, गुण घे, तेच उत्तर.
त्याने पाण्याची बाटली खाली ठेवली, विचारलं,
'किती गुणांनंतर थांबतात?'
आकडा कोणालाच माहीत नव्हता.

शेवटची चढाई. बरोबरी.
मध्यरेषेला हात लावून कपाळाला लावला,
आत शिरला, बोनस रेषेच्या अलीकडे उभा राहिला.
समोर सात जण कमरेत वाकलेले.
त्यांच्याकडे पाहिलंच नाही त्याने. गॅलरीकडे तोंड केलं.
आणि मला ऐकू आलं:

जात्र्या जात्र्या जात्र्या जात्र्या

त्याच तालात, एका दमात,
जात्र्या जात्र्या
कुठेही न तुटता.
पकडायचं कोणाला सुचलं नाही.

शिटी माझ्या दातांत होती.
मी वाजवली.
शब्द मान्य नाही. चढाईपटू परत.
समोरच्यांना एक तांत्रिक गुण.

गॅलरीत ढोल. गुलाल.
जाताना तो माझ्यापाशी थांबला. आवाज चढवला नाही.
'बिऱ्हाडे सर, एवढ्या गोंगाटात
माझं तोंडातल्या तोंडातलं ऐकू आलं तुम्हाला?'
म्हटलं, हो.
'मग बाकीचंही आलं असेल.'

पारोळ्याच्या हॉटेलात माझ्या बापाचा कप
बाहेर खुंटीला टांगलेला असायचा.
हे मी त्याला सांगितलं नाही.
शिटी वाजवून झाली होती,
आणि त्याची गाडी सुटायला आली होती.

अहवालात शेवटून दुसरा रकाना: प्रेक्षकांचे वर्तन.
बावीस वर्षं मी तिथे लिहीत आलोय,
उत्तम सहकार्य लाभले.
या वेळी रकाना तसाच आहे. जून लागला.
कार्यालयातून दोनदा फोन आला,
सर, मानधन अडकलंय तुमचं,
काहीही लिहा.